नऊ होतकरू घोडे आणि एक म्हातारा

मी एका विमा कंपनीत कम्प्लायन्स बघते. इतरांनी उत्साहाने ठरवलेली गोष्ट नियमात बसते का हे तपासायचं आणि बसत नसेल तर त्यांचा उत्साह कमी करायचा, असं थोडक्यात माझं काम आहे. आमचं ऑफिस सिंगापूरच्या तांजोंग पगारला. तिथे आमच्या विभागावर आयर्लंडहून नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर आमच्या आयुष्यात घोडे आले. साहेबांना साहेब मी फक्त मराठीत म्हणते. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, आणि त्यामुळे आपण सगळे समान आहोत असं निदान वरच्या लोकांना तरी वाटतं.

हे साहेब दर ऑक्टोबरात एक खेळ खेळवायचे. इंग्लंड-आयर्लंडमध्ये थंडी सुरू झाली की उड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. या शर्यतीत घोड्याने नुसतं पळायचं नसतं. दोन-तीन मैलांच्या वाटेत जागोजागी कुंपणं असतात, तीही ओलांडायची असतात. एप्रिलपर्यंत हे चालतं. हंगाम सुरू होण्याआधी आपण प्रत्येकाने दहा घोडे निवडायचे. आपला घोडा जिंकला की गुण, दुसरा-तिसरा आला तर शून्य. पैसे लावायचे नाहीत. मी सगळ्यात आधी तेच विचारून घेतलं होतं. बक्षीस म्हणजे साहेबांच्या काकांच्या शेतावर सापडलेली एक गंजकी नाल. ती जिंकणाऱ्याच्या टेबलावर वर्षभर राहायची.

"फेव्हरिट घेऊ नका," साहेबांनी समजावलं. "होतकरू घ्या. ज्यांच्या हातून अजून काही झालेलं नाही, पण पुढे होईल असं वाटतं."

अशा लोकांनी आमचा पूर्ण मजला भरलेला होता, त्यामुळे कल्पना समजायला कोणालाच अडचण आली नाही.

माझा घोड्यांशी आलेला संबंध एका दिवसाचा होता. शाळेत असताना माथेरानला मला एका घोड्यावर बसवलं. कुठल्याशा पॉइंटकडे जाताना तो मध्येच वळला, आपल्या तबेल्यात गेला आणि मला पाठीवर घेऊन आत उभा राहिला. पुढची सूर्यास्ताची सहल मी कडब्याच्या वासात काढली. एवढ्या अनुभवावर मी नको म्हणणार होते, पण नव्या साहेबांना पहिल्याच महिन्यात नको म्हणायचं नसतं.

त्याच आठवड्यात आमची दुसरी एक बैठक होती. ज्युनियर लोकांपैकी बढतीसाठी कोणाकडे लक्ष ठेवायचं हे ठरवण्याची. मी पाच मिनिटं उशिरा आत शिरले तेव्हा साहेब बोलत होते. "शिकवण चांगली मिळालीय. लांब पल्ल्याला टिकेल. पण गर्दीत बिचकतो. यंदा त्याला एखाद्या मोठ्या अडथळ्यावर घालून बघायला हवं."

"वजन किती आहे त्याचं?" मी विचारलं. घोड्यांच्या पाठीवर किती वजन देतात हे मी आदल्या संध्याकाळीच वाचलं होतं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. विषय क्लेम्स विभागातल्या एका जाड्या मुलाचा चालला होता. मी बैठकीच्या मिनिट्समधून माझा प्रश्न वगळायला सांगितला. तो वगळला गेला, पण ऑफिसभर पसरला.

घरी ही गोष्ट सांगितली ती हसायला म्हणून. नवरा हसला नाही. तो आयटीत मॅनेजर आहे. त्याचा असा विश्वास आहे की कुठल्याही गोष्टीबद्दल पुरेसा डेटा गोळा केला की ती गोष्ट मुकाट्याने आपलं ऐकते. आमच्या लेकीने हा विश्वास बराच हलवला होता, म्हणून तो नव्या क्षेत्राच्या शोधात असावा.

"मॉडेल करू," तो म्हणाला.

"मला फक्त दहा नावं द्यायची आहेत."

"दहाच, पण विचार करून द्यावीत ना."

पुढच्या शनिवारी आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर त्याचा एक मित्र आला. हे मित्र यिशुनला राहतात. कोणत्याही विषयावर मत तयार व्हायला यांना लिफ्टमधला वेळ पुरतो. आम्ही एक फ्लॅट विकत घेणार होतो, तो घेऊ नका असं यांनीच सांगितलं होतं. आज कितीतरी महाग झालेल्या त्या फ्लॅटच्या खालून जाताना नवरा मान वर करत नाही, पण मित्रावरची श्रद्धा मात्र तशीच आहे. मी थालीपिठं लावत होते आणि ते दोघे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून घोडे बघत होते.

"हा बघ. उंची चांगली आहे. बाप नामांकित."

"आई?"

"आईकडून सहनशक्ती आलीय म्हणतात."

"श्वासनलिकेचं ऑपरेशन झालंय याचं."

"मग नको."

"उलट आता घ्यायला हवा. मोकळा श्वास घेईल."

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरच्यांनी इतकी चौकशी केली नव्हती. केली असती तर सासूबाईंकडून नवऱ्यात काय काय आलंय ते आधी कळलं असतं.

एका उमद्या काळ्या घोड्यावर दोघांचं एकमत झालं. मॉडेलनेही त्याला पहिला नंबर दिला होता. मित्र म्हणाले, "याला कोणी विकत घेऊन ठेवला पाहिजे. पुढे याची शिंगरं काय किमतीला जातील विचार कर."

नवऱ्याने खाली वाचलं. "शिंगरं होणार नाहीत. या शर्यतीतले बहुतेक नर लहानपणीच खच्ची करतात. डोकं शांत राहतं म्हणे."

मी थालीपीठ वाढलं, लोणी वाढलं. मग मित्रांनी विषय मुलांच्या शाळांकडे नेला.

संध्याकाळपर्यंत नऊ घोडे ठरले. दहावा माझ्यासाठी ठेवला, कारण स्पर्धेत नाव माझं होतं आणि अगदीच अन्याय नको होता. मी जुन्या शर्यतींचे व्हिडिओ लावून बसले. त्यातला एक घोडा मला आवडला. तपकिरी रंगाचा, जरा मोठ्या कानांचा. बाकीचे घोडे कुंपण आलं की अंगात आल्यासारखे उडी घ्यायचे. हा कुंपणाजवळ आला की किंचित मंद व्हायचा, कान पुढे करून त्याकडे बघायचा आणि हरकत नाही असं ठरवून पलीकडे जायचा. प्रत्येक कुंपणाला तेच. वीस वर्षं मी आलेल्या प्रत्येक प्रस्तावाकडे असंच बघत आले आहे. मी त्याचं नाव लिहून टाकलं. त्याचं वय अकरा आहे हे नंतर दिसलं.

सोमवारी साहेब यादी वाचता वाचता थांबले. "हा? या हंगामात हा बहुधा सगळ्यात म्हातारा असेल. याच्याकडून काय व्हायचं ते होऊन गेलंय."

"नियमात वयाची अट नाही," मी म्हटलं.

"नाही. पण होतकरू म्हणजे..."

"होतकरूची व्याख्याही नाही."

त्यांनी यादी घेतली. आमच्या घरात मात्र त्या घोड्याचं खरं नाव कोणी घेतलं नाही. तो म्हातारा झाला.

माझे बाबा पुण्यात एकटे राहतात. आई गेल्यापासून आमचा रविवारचा फोन ठरलेला होता आणि त्यातली वाक्यंही ठरलेली होती. जेवलात का, गुडघा कसा आहे, बाई येते ना कामाला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि गरजेपेक्षा जास्त बोलणं त्यांना उधळपट्टी वाटते. त्या रविवारी सगळी वाक्यं संपल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी घोड्यांचं सांगितलं.

"पैसे लावता?"

"नाही बाबा. नुसते गुण."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं विषय संपला. पुढच्या रविवारी फोन त्यांनीच केला आणि जेवलात का हे न विचारता म्हणाले, "आपला म्हातारा पळाला का?"

म्हातारा पळाला, चौथा आला. नंतर एकदा तिसरा. एकदा दुसरा आला तेव्हा पहिला आलेला इतका पुढे होता की कॅमेऱ्याला दोघे एकत्र दाखवता येईनात. गुण शून्य. पण शर्यत तो दरवेळी पूर्ण करायचा.

इंग्लंड-आयर्लंडमधली दुपार म्हणजे आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची वेळ आणि पुण्यात बाबांच्या चहानंतरची. मी लॅपटॉपसमोर फोन उभा करायची आणि बाबा व्हिडिओ कॉलवर शर्यत बघायचे. त्यांना त्यातलं जेमतेम दिसत असणार. पण चष्मा पुसून बसायचे.

"बाकीचे एवढ्या घाईत का आहेत?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"शर्यत आहे बाबा."

"ते झालं. पण आत्ताच कशाला? लांब जायचंय ना अजून."

लेक तिच्या खोलीतून येऊन एक नजर टाकायची. "आजोबा's horse is always last, lah," असं म्हणून परत जायची. बाबा मला विचारायचे, ती काय म्हणाली. मी सांगायची, ती म्हणाली छान पळतोय.

नऊ होतकरूंचं मात्र काही खरं नव्हतं. मॉडेलचा पहिला नंबर पहिल्या शर्यतीत दुसऱ्याच कुंपणाला जॉकीला खाली टाकून एकटाच पुढे पळाला, आणि मोठ्या रुबाबात पहिला आला. जॉकीशिवाय आलेला धरत नाहीत हे कळल्यावर नवऱ्याने नियम मूर्खपणाचे आहेत असं मत दिलं. पुढच्या दोन शर्यतींत काळा शेवटून पहिला आला. दुसऱ्या एकाचा पाय सुजला. एकाला मऊ जमीन लागायची, नेमका त्या महिन्यात पाऊस नाही. एक विकला गेला आणि नव्या मालकाने त्याला शर्यतीतूनच काढला. एकाच्या ट्रेनरने सांगितलं की घोडा मनाने थकलाय, त्याला सुट्टी दिली आहे. हे ऐकून नवरा खरोखर दुखावला. त्याला स्वतःला दोन वर्षांत सलग आठवडाभर सुट्टी मिळाली नव्हती.

यिशुनचे मित्र यायचे आणि प्रत्येक घोड्याबद्दल म्हणायचे, "याचं मला तेव्हाच वाटलं होतं."

जानेवारीत साहेबांच्या सगळ्यात भरवशाच्या घोड्याचा स्नायू दुखावला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ईमेल आली: सहभागी लोकांच्या सोयीसाठी प्रत्येकाला एक घोडा बदलण्याची मुभा देण्यात येत आहे. कोणी मागितली होती ते लिहिलं नव्हतं.

मी उत्तर पाठवलं. हंगामाच्या मध्यावर नियम बदलणं योग्य नाही, बदल करायचा तर सर्वांची लेखी संमती हवी, आणि ज्याचा स्वतःचा फायदा होणार आहे त्याने हा निर्णय घेऊ नये. मी ते अगदी गंभीरपणे लिहिलं होतं. साहेब माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले.

"तुझा आक्षेप नोंदवून घेतलाय," ते म्हणाले. "मुद्दा बरोबर आहे. आता सांग, तू कोणता बदलतेस?"

माझे बरेचसे व्यावसायिक आक्षेप असेच संपलेले आहेत.

घरी नवऱ्याच्या मनात काही प्रश्नच नव्हता. "म्हातारा काढ. त्याच्या जागी हा घाल, पाच वर्षांचा आहे, मॉडेलने काल वर आणलाय."

"म्हातारा एकदाही पडलेला नाही."

"पडलेला नसल्याचे गुण मिळत नाहीत."

"काळा काढते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तो पहिला नंबर आहे."

"कसला? शेवटून?"

"त्याचा खरा काळ अजून यायचाय. मॉडेल तेच सांगतंय."

"तेच सगळे सांगतात," मी म्हटलं, आणि आवाज थोडा चढला. त्या दिवशी ऑफिसात क्लेम्समधल्या मुलाला बढती मिळाली होती. तीही पुढे यायच्या काळाच्या भरवशावरच. "ज्याने काही केलेलं नाही त्याचा काळ कायम यायचाच असतो. आणि जो दरवेळी नीट काम पुरं करतो त्याचं होऊन गेलेलं असतं."

"आपण घोड्यांबद्दल बोलतोय ना?" नवऱ्याने सावधपणे विचारलं.

मी काळा काढला, पाच वर्षांचा घातला आणि म्हातारा ठेवला.

काळा फेब्रुवारीत जिंकला. सगळ्यांना मागे टाकून, जॉकीसकट. पुढच्या वेळीही जिंकला. मार्चमध्ये तिथे वर्षातला सगळ्यात मोठा मेळा भरतो, त्यातही जिंकला, आणि त्याच्या अंगावर पांघरूण घालून त्याला लोकांतून मिरवत नेलं. नवरा टीव्हीसमोर उभा होता. यिशुनहून फोन आला, तो त्याने स्पीकरवर घेतला.

"वहिनी," मित्र म्हणाले, "याचं मला तेव्हाच वाटलं होतं."

ते या वेळी खरं होतं, त्यामुळे जास्त लागलं.

नवऱ्याने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने हिशेब केला. काळा ठेवला असता तर आम्ही स्पर्धा जिंकत होतो, थोड्या नाही, चांगल्या फरकाने. पुढे महिनाभर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने हे सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे न बघता एकच वाक्य म्हटलं: "मॉडेल बरोबर होतं, अंमलबजावणीत गडबड झाली." मला वाईट वाटलं. त्याने त्या मॉडेलवर कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. पण बाबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आपला आहे ना अजून?" आणि मी आहे म्हटलं.

एप्रिलमध्ये म्हाताऱ्याची हंगामातली शेवटची शर्यत होती. तिकडे आठवडाभर पाऊस, मैदानाचा चिखल झालेला. पल्ला लांबचा. बाबा फोनवर होते. नवराही येऊन बसला, मुद्दाम पेपर हातात घेऊन.

म्हातारा नेहमीसारखा मागे होता. पहिली काही कुंपणं त्याने नेहमीसारखीच पार केली. बघितलं, ठरवलं, गेला. पुढचे दोघे घसरून पडले, उठले, त्यांचे जॉकीही उठले. मग तळाच्या बाजूचं एक कुंपण आलं. म्हातारा मंद झाला. कान पुढे केले. बघितलं. आणि थांबला.

जॉकीने एकदा टाच लावली. घोडा हलला नाही. घाबरलेला दिसत नव्हता, दमलेलाही फारसा नाही. उभा होता. जॉकीने चाबूक उचलला नाही, त्याच्या मानेवर थोपटलं आणि त्याला वळवून चालवत परत आणायला लागला. कॅमेरा पुढच्या घोड्यांकडे गेला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "मला दिसेना."

"थांबला."

"पडला का?"

"नाही. नको म्हणाला."

"कोणी रागावलं नाही ना त्याला?"

"नाही बाबा. थोपटलं."

"मग बरं केलं त्याने," ते म्हणाले. नवऱ्याने पेपर खाली ठेवला होता. त्या रात्री तो मॉडेलबद्दल काही बोलला नाही, आणि पुढेही त्याने ते वाक्य पाहुण्यांना सांगणं हळूहळू सोडून दिलं.

म्हाताऱ्याला शर्यतींतून निवृत्त केल्याची बातमी दोन ओळींत आली. स्पर्धा साहेबांनी जिंकली, जानेवारीत बदलून घेतलेल्या घोड्याच्या जोरावर. त्यांनी नाल स्वतःच्याच टेबलावर ठेवली आणि खिलाडूवृत्तीवर छोटंसं भाषण केलं. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मी शेवटून दुसरी आले. शेवटचा नंबर ज्या बाईंचा होता त्यांनी यादी वेळेत दिलीच नव्हती.

बाबा आजवर सिंगापूरला आले नव्हते. तिकडे येऊन मी काय करू, हे त्यांचं उत्तर होतं. मे महिन्यात ते आपणहून म्हणाले, येतो. आल्यावर चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "इथे घोड्यांचं मैदान असेल ना?"

"होतं. क्रांजीला. बंद झालं, बाबा. सरकारने जागा परत घेतली."

"बंद असलं तरी बाहेरून दिसेल की."

म्हणून आम्ही दोघं एमआरटी मेट्रोने क्रांजीला गेलो. स्टेशनच्या बाहेरच ते मैदान. फाटकाला कुलूप होतं. आतला सिक्युरिटीवाला हात हलवत आला. "अंकल, क्लोज्ड ऑलरेडी." बाबांनी त्याला नमस्कार केला आणि जाळीला नाक लावून बघायला लागले. मोठी रिकामी इमारत आणि मोकळी जागा, यापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

"इथे आता काय करणार?"

"घरं बांधणार."

"आणि घोडे?"

"परदेशी पाठवले. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे."

"म्हणजे पास संपला त्यांचा," बाबा म्हणाले. नोकरी आहे तोवर इथे राहू देणाऱ्या परवान्याला पास म्हणतात. हा शब्द त्यांच्या कानावर पडून आठवडाही झाला नव्हता, पण आमच्या घरात तो कोणत्या आवाजात उच्चारतात हे त्यांनी ऐकलं होतं.

पाऊस भुरभुरायला लागला, म्हणून आम्ही स्टेशनजवळच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. मी दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणल्या, त्यांची साखर कमी करून. त्यांनी एक घोट घेतला, कप लांब धरून बघितला आणि प्यायला सुरुवात केली.

"मी गेलो होतो एकदा," ते म्हणाले. "पुण्याच्या रेसकोर्सवर. नोकरीला नुकता लागलो होतो तेव्हा."

मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरात लॉटरीचं तिकीटसुद्धा कधी आलं नव्हतं.

"पैसे लावलेत?"

"छे. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात, तिथे कठड्याशी उभा राहिलो. शर्यत बघितलीच नाही. तेवढंच बघून आलो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या आईला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असतं पैसे लावले."

"मग?"

"मग काय? छान होते घोडे. जवळून फार मोठे वाटतात." त्यांनी बाहेर बघितलं. पाऊस थांबत आला होता. "चल, निघू या. तुला उद्या ऑफिस आहे."